परत आलेल्या तीन पेट्या

१

कमळा मांडवकर फुरसं चावून मेली, असं डॉक्टरांनी लिहिलं. ती विमला पाष्टेमुळे मेली, असं संगणकाने सांगितलं. आणि २००५ सालच्या त्या ऑगस्टात रत्नागिरीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी डॉक्टरांचा कागद बाजूला सारला आणि संगणकाचं ऐकलं.

विमला ही तळवटकोंडच्या आरोग्य केंद्राची परिचारिका. तळवटकोंड म्हणजे लांज्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात चिकटून बसलेलं गाव. कमळा सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर, गवत कापायला गेली होती. कातळाच्या कपारीत हात गेला आणि फुरसं डसलं. तिला केंद्रात आणलं तेव्हा तिथल्या फ्रिजमध्ये सापाच्या इंजेक्शनची एक कुपीसुद्धा नव्हती. रस्ता दरडीखाली गेलेला. चौघांनी डोली करून तिला खाली उतरवलं, पण रत्नागिरीचा दवाखाना गाठायच्या आतच हिरड्यांतून, नाकातून रक्त जाऊन ती संपली. नवरा काशीराम मुंबईला गोदामात कामाला. रेल्वे बंद, घाट बंद. मिळेल ते वाहन धरत आणि उरलेलं चालत तो घरी पोचला तेव्हा राखसुद्धा गार झाली होती.

आता एवढं झाल्यावर ते कुणाच्या तरी माथी मारायला हवं. ही केंद्रं चालवणारी संस्था म्हणजे सह्यसागर आरोग्य संघ. संघाच्या संगणकात स्वच्छ नोंद होती की तळवटकोंडला इंजेक्शनच्या तीन पेट्या पाठवल्या, आणि तिन्ही पेट्या त्या केंद्राने न वापरता, भरलेल्याच परत पाठवल्या.

"म्हणजे हिने औषध परत केलं आणि मग बाई औषधावाचून गेली," संघाचे अध्यक्ष परशुरामपंत पटवर्धन म्हणाले. "सोमवारी चौकशी समिती बसते आहे. संगणकाचा हिशेब बरोबर आहे एवढंच तुम्ही सही करून द्या, पद्मजाबाई. मग प्रकरण पोलिसांत द्यायला आम्ही मोकळे."

पद्मजा जोगळेकर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. निवृत्तीला आल्या होत्या, पण जिभेची धार काही कमी झाली नव्हती. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि पंतांकडे बघितलं.

"तुमचा निकाल लागलेला दिसतोय, पंत. फक्त शिक्का माझा हवाय."

"अहो, तसं नाही..."

"तसंच आहे. सहीचं मग बघू. एका बाईला तुरुंगात घालायचं तर आधी मला तुमचं गोदाम दाखवा."

२

गोदामात त्यांना भेटला मुकुल आठल्ये. त्यांचाच जुना विद्यार्थी, हुशार आणि घाबरट. औषधाची गरज आधीच ओळखणारा तो प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता.

"बाई, अतिवृष्टीनंतर सगळंच कोलमडलं," तो सांगू लागला. "मुंबईहून माल कधी येईल, किती येईल, काही भरवसा नाही. जो थोडाफार येईल तो कुठे पाठवायचा? फोन बंद. मागणीच्या चिठ्ठ्या यायच्या त्या भिजून लगदा होऊन. मग मी म्हटलं, रिकामी पेटी हीच मागणी धरायची."

थर्माकोलची पांढरी पेटी. एका पेटीत एका माणसाला पुरतील एवढ्या कुप्या. औषध वापरून झालं की केंद्राने पेटी चिकटपट्टीने बंद करायची आणि जिथवर एसटी येते तिथे नेऊन कंडक्टरकडे द्यायची. गोदामात ती आली की संगणकावर दोनच कळा: 'रिकामी' आणि 'भरलेली'. रिकामी आली तर त्या केंद्राला औषध लागतंय, आणखी पाठवा. पेट्या जितक्या भराभर रिकाम्या येतील तितका पुढच्या आठवड्याचा अंदाज मोठा. भरलेली आली तर तिथे गरज नाही, त्यांचा वाटा दुसरीकडे वळवा.

"झकास!" पद्मजाबाई मनापासून म्हणाल्या. फोन नाही, रस्ता नाही, तरी गावाची गरज इथे बसून कळावी, ही कल्पना खरंच चांगली होती. "आणि अंदाज किती बरोबर येतो?"

मुकुलने छापलेला तक्ता पुढे केला. किनाऱ्यावरच्या केंद्रांत थोडीफार चूक होती. वेळणेश्वरच्या बाजूला अंदाज जास्त निघाला होता, आणखी कुठे थोडा कमी. डोंगरातल्या चार केंद्रांपुढे मात्र 'चूक' ह्या रकान्यात शून्य होतं. आठवड्यामागून आठवडे शून्य.

पद्मजाबाईंनी तक्ता खिडकीकडे नेला. जन्मभर त्यांनी पोरांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती, की अंदाज म्हटला की चूक आलीच.

"हे शून्य कुठून आणलंस?"

"अंदाज शून्य होता. वापरही शून्य झाला."

"आणि आपण पाठवलं किती?"

मुकुलने मान खाली घातली. "शून्य."

पद्मजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा! एखाद्याच्या पानात काही वाढायचं नाही, आणि त्याने काही खाल्लं नाही म्हणून त्याला भूकच नव्हती असं लिहायचं! वर स्वतःची पाठ थोपटून घ्यायची! हेच शिकवलं होतं का मी तुला?"

"मी विचारलं होतं, बाई. सरांना मी सांगितलं होतं की..."

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर पद्मजाबाईंच्या खांद्यावरून मागे दाराकडे गेली होती. तिथे संघाचे व्यवस्थापक यज्ञेश दामले उभे होते, आणि ते बराच वेळ उभे असावेत.

३

दामल्यांनी त्यांना आदराने आपल्या खोलीत नेलं. मोठा गोड बोलणारा माणूस. पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेला, शर्टाची इस्त्री अतिवृष्टीतसुद्धा न मोडलेला. पुढच्या महिन्यात ते मुंबईला जाणार होते. हा प्रोग्रॅम आणखी तीन जिल्ह्यांना हवा होता म्हणे, आणि तो चालवायला दामलेच हवे होते.

"अठ्ठ्याण्णव टक्के अचूक, मॅडम. तेही अशा आपत्तीत."

"डोंगरात तर शंभर टक्के," पद्मजाबाई म्हणाल्या.

टोमणा दामल्यांना लागला नाही, किंवा लागला तरी त्यांनी तो दाखवला नाही. त्यांनी चहा मागवला. सोबत बशीत फणसाचं साठं, म्हणजे वाळवलेली फणसपोळी आली, बारीक वळकट्या करून केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने बांधलेली. पद्मजाबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. गोडाच्या मागून मिरीचा तिखट चटका आला, तो त्यांना आवडला.

"घरचं का?"

"छे हो. येतं वरच्या भागातून कुठून तरी. लोकांना आपल्याबद्दल प्रेम आहे." ते हसले. "घ्या ना आणखी."

त्यांनी आणखी एक घेतला आणि मुद्द्यावर आल्या. "तळवटकोंडहून भरलेल्या पेट्या आल्या. त्यांतल्या कुप्या कुठे आहेत?"

"नष्ट केल्या. नियमच आहे. एकदा बाहेर जाऊन आलेलं औषध वाटेत गरम झालेलं असू शकतं, ते पुन्हा कुणाला देता येत नाही."

"नष्ट कुणी केल्या?"

"मी स्वतः." दामल्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "परत आलेली पेटी सरळ शीतखोलीत जाते आणि तिची किल्ली ही एवढी एकच. टंचाईच्या दिवसांत मी कुणावर विसंबत नाही. मी पेटी उघडतो, कुप्या मोजतो, फोडतो आणि खड्ड्यात पुरतो. तिन्ही वेळा मीच केलं."

"मग विमला म्हणते तिने तिन्ही पेट्या तीन माणसांना वापरल्या, ते खोटं?"

"कुठल्या माणसांना? तिच्याच गावच्या ना? फुरसं चावलेली सगळीच माणसं मरत नाहीत, मॅडम. कधी विष नुसतंच वरवर लागतं. तिने पाणी टोचलं असेल आणि लोक बरे झाले असतील." ते उठले. "माझ्यावर विश्वास नसेल तर महिपतला विचारा. पेट्या त्याच्या हातात आल्या. तो अडाणी माणूस आहे, त्याला खोटं बोलायचंसुद्धा सुचणार नाही."

४

महिपत गोदामाच्या दाराशी पेट्या उतरवून घेत होता. विमलाचं नाव काढताच त्याने डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"त्या ताईला मी वळखतंय बाई. वाईट नाय ती. पन आता खोटा कसा सांगू?"

"तू पेटी उघडून बघितलीस?"

"उघडायची नाय, सायबांची ताकीद हाय. उनाची झळ लागंल म्हनून. मी हातात घेतो नि हलवतो." त्याने जवळची एक पेटी उचलून कानापाशी हलवून दाखवली. "आत काय हललं तर 'भरलेली', नाय हललं तर 'रिकामी'. कळ दाबायची नि पेटी आत ठेवायची. मुकुलभाऊनी शिकवलान हाय."

"आणि तळवटकोंडच्या?"

"तिन्हींत हललं. आईच्यान सांगतो." त्याचे डोळे भरून आले. "मी पयल्यांदा दोनदोनदा हलवून बघितली. म्हटलं हिकडं लोक औषदाला मरतायत नि ही ताई परत का धाडते?"

"वाटेत कुणी पेटी उघडली असेल? कंडक्टरने?"

"रावजी? नाय वो. चिकटपट्टी जशीच्या तशी व्हती. वरती ताईची सही, पट्टीवरनं पेटीवर गेलेली. पट्टी काढली असती तर सही फाटली असती."

पद्मजाबाई बाहेर येऊन पायरीवर उभ्या राहिल्या. महिपत खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फिरून खोटं बोलणारा चेहरा त्यांना लांबून ओळखता येत होता. वाटेत पेटी उघडली गेली नव्हती. म्हणजे तळवटकोंडहून निघतानाच त्या पेट्यांमध्ये काहीतरी होतं. मग विमलाच खोटं बोलत होती, आणि पंतांचा निकाल बरोबर होता. त्यांना स्वतःचाच राग आला. पण त्या शून्यांनी भरलेल्या रकान्याचं काय, ते काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लांज्याच्या गाडीत बसल्या. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून रव्याच्या लाडवांचा डबा बरोबर घेतला होता. आरोपीच्या घरी लाडू घेऊन जाणारी चौकशी अधिकारी बहुधा त्या एकट्याच असतील.

५

लांज्याहून जीप, पुढे दरडीपर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे, आणि शेवटची चढण पायी. विमलाच्या घरापुढच्या खळ्यात पोचेपर्यंत पद्मजाबाईंच्या गुडघ्यांनी बंड पुकारलं होतं.

विमलाला कामावरून काढलं होतं. तरी तिच्या पडवीत दोन बाया पोरांना दाखवायला बसल्याच होत्या. तिने पद्मजाबाईंना पाट दिला, पाणी दिलं आणि समोर हात जोडून उभी राहिली.

"तुमी पन मलाच चोर म्हनायला आलाव?"

"मी बघायला आले. ज्यांना इंजेक्शन दिलंस ती माणसं दाखव."

पहिला आला रघू, पंचविशीतला गडी. टाचेवर काळा पडलेला चट्टा होता. "माझ्या लघवीतनं रगत यायला लागलं व्हतं, बाई. ताईनं सलाईन लावलान, त्यातनं कुपीमागनं कुपी दिलान. सकाळी रगत थांबलं. पान्याने थांबतंय काय?" त्याच्यामागून एक म्हातारी आणि एक शाळेतली पोर, दोघी तशाच खुणा घेऊन आल्या. तीन माणसं, तीन पेट्या. तिघंही पद्मजाबाईंसमोर जिवंत उभी होती.

"मग पेट्या परत पाठवल्यास त्या..."

"रिकाम्या पाठवल्या. देवाच्या पायावर हात ठेवून सांगते. पयली गेली, वाट बघितली. दुसरी धाडली. मंग तिसरी. माझ्याकडं पेटीच उरली नाय. वाटलं, वरनंच माल आला नसंल, सगळीकडंच तंगी हाय. कमळावैनीला आनली तवा मी फ्रिज उघडून बगत रायले. ती मला म्हनते, ताई, दे ना गो. काय देनार मी?"

महिपत खरं बोलत होता. ही बाई खरं बोलत होती. पेटी एकाच वेळी रिकामी आणि भरलेली असू शकत नाही, हे कुठल्याही पोराला कळतं. चहा झाला आणि त्या जड मनाने उठल्या.

"बाई, तुमचा डबा." विमला आतून धुऊन पुसून आणलेला लाडवांचा डबा घेऊन आली.

डबा हातात घेतला तर आत काहीतरी हललं.

"अगं, काय घातलंस हे? रिकामाच द्यायचास."

"रिकामाच हाय की," विमला अगदी सहज म्हणाली. "नुसतं एवढंसं साठं ठेवलंय."

पद्मजाबाईंनी झाकण उघडलं. फणसाचं साठं. बारीक वळकट्या, केळीच्या सोपटाने बांधलेल्या. त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. गोडाच्या मागून मिरीचा चटका आला, आणि त्या होत्या तिथेच पडवीच्या कठड्यावर बसल्या.

"ह्यात मिरी कोण घालतं गं?"

"आमीच. पोफळीवर वेल हाय आमचा. माझ्या सासूची पद्धत, गावात दुसरं कोन नाय घालत. का वो? तिखट झालं?"

"विमला," पद्मजाबाई अगदी हळू म्हणाल्या, "त्या पेट्यासुद्धा तू अशाच रिकाम्या पाठवल्यास?"

विमला गोंधळली. "मंग? कुनाचं भांडं तसंच कसं धाडायचं? येवढ्या तंगीत आमची आठवन ठेवून औषद धाडलं त्यांनी."

६

सोमवारी समिती बसली. टेबलाच्या एका बाजूला परशुरामपंत आणि दामले, समोर विमला, भिंतीला टेकून मुकुल आणि महिपत, आणि दाराशी काशीराम. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकलायची हिंमतही कुणाला झाली नाही.

पद्मजाबाईंनी पिशवीतून थर्माकोलची पेटी काढून टेबलावर ठेवली. चिकटपट्टी लावलेली, वर विमलाची सही.

"महिपत, कुठली कळ दाबशील?"

महिपतने पेटी हलवली. आत खडखडलं. "भरलेली."

"विमला?"

"रिकामी," विमला म्हणाली.

पंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पद्मजाबाईंनी पट्टी फाडून झाकण उघडलं आणि साठाच्या वळकट्या सगळ्यांसमोर ठेवल्या.

"पंत, तुमच्याकडे शेजारणीचं भांडं आलं तर तुमच्या घरची मंडळी ते तसंच परत करतात का? निदान चिमूटभर साखर घालतात की नाही? आणि घातली तर भांडं भरून दिलं असं म्हणतात का? हिने औषध वापरलं, तीन जीव वाचवले, पेट्या धुतल्या आणि तुमच्या उपकाराची फेड म्हणून घरचं साठं घातलं. हिच्या लेखी पेटी रिकामी. महिपतच्या हाताला ती भरलेली. दोघंही खरं बोलत होते. डोंगरातल्या इतर तीन केंद्रांत कालच माणूस धाडून विचारून घेतलं. कुणी आमसुलं घातली होती, कुणी काजू. आणि संगणकाने काय ऐकलं? डोंगरातल्या लोकांना औषध नको."

मग दामले बोलले आणि पद्मजाबाईंना वाटलं, हुशार आहे हो माणूस.

"फारच दुर्दैवी. म्हणजे नोंद चुकीची झाली. महिपतने नीट बघायला हवं होतं. यंत्रणेत दोष नाही, शेवटी माणसाची चूक आहे. त्याच्यावर कारवाई करू."

महिपतचा चेहरा पांढराफटक पडला.

"करू या की," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण आधी एक सांगा, दामले. तुम्ही नेमकं काय फोडलंत?"

"म्हणजे?"

"तुम्ही मला सांगितलंत की तिन्ही पेट्या तुम्ही स्वतः उघडल्या, कुप्या मोजल्या, फोडल्या आणि पुरल्या. त्यांत कुप्या नव्हत्याच. मग फोडलं काय? पुरलं काय?"

दामल्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"तुम्ही म्हणाल, पेट्या उघडल्याच नाहीत, आळस केला, उगाच थाप मारली. मीही तसंच धरलं असतं. पण पट्टी शाबूत असलेली पेटी शीतखोलीत गेली आणि त्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात. आणि तुमच्या बशीत काय होतं? केळीच्या सोपटाने बांधलेलं, मिरी घातलेलं साठं. सबंध तळवटकोंडात मिरी घालणारं घर एकच आहे. ते साठं तुमच्याकडे यायला वाट एकच होती." त्यांचा आवाज चढला. "तुम्ही पेटी उघडलीत. आत कुप्या नाहीत हे डोळ्यांनी पाहिलंत. त्या गावाने औषध वापरलंय, त्यांना आणखी हवंय, हे त्याच क्षणी तुम्हाला कळलं. एक कळ दाबायची होती. ती दाबली नाहीत. साठं मात्र खाल्लंत. मलाही खायला घातलंत!"

"मी कुठलाही आकडा बदलला नाही," दामले ताठ होत म्हणाले. "एकही नाही. मुकुलला विचारा. जे आलं ते तसंच राहू दिलं."

"हो, राहू दिलंत. कारण 'भरलेली' असलं की पाठवावं लागत नाही, पाठवलं नाही की वापर होत नाही, आणि वापर झाला नाही की अंदाज शंभर टक्के खरा. तीन जिल्ह्यांना दाखवायला तक्ता तयार. तुम्ही गरज ओळखली नाहीत हो, गरज भागवायची नाही एवढंच ठरवलंत, आणि त्याला अचूकपणा म्हणालात."

भिंतीपासून मुकुल पुढे आला. "मी सरांना सांगितलं होतं, डोंगरात सगळीकडे शून्य कसं येतंय म्हणून. सर म्हणाले, आकडे बोलत असतात तेव्हा आपण गप्प बसावं. मी गप्प बसलो."

परशुरामपंतांनी डोक्याला हात लावला. मग दारातून आवाज आला. काशीराम पहिल्यांदाच बोलत होता.

"सायब, ती पयली पेटी तुमी उघडलीत, तवा माझी बायको जित्ती व्हती?"

दामल्यांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी नजर फिरवली.

"तिसरी उघडलीत तवा?"

"तेव्हाही होती," उत्तर पद्मजाबाईंनी दिलं, कारण ते देणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "तिसरी पेटी आली त्यानंतर आठवड्याने तिला फुरसं चावलं."

काशीरामने मान हलवली, टेबलापाशी आला, साठाच्या वळकट्या एकेक उचलून शर्टाच्या खिशात घातल्या आणि कुणाला काही न सांगता निघून गेला.

७

दामल्यांवर गुन्हा दाखल झाला. त्यांना जामीनही लवकरच मिळाला, तशा माणसांना मिळतो. विमला कामावर परतली. तिची कुणी माफी मागितली नाही. परशुरामपंतांनी फक्त एक परिपत्रक काढायला घेतलं, की यापुढे केंद्रांनी पेट्यांमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

पद्मजाबाईंनी ते त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. "चूक त्यांच्या हाताची नव्हती, पंत. चूक तुमच्या झाकणाची होती. ते उघडा." मग त्यांनी मुकुलला बसवून प्रोग्रॅम दुरुस्त करून घेतला. झाकण उघडून बघितल्याशिवाय कळ दाबताच येणार नाही, आणि जिथे काही पाठवलंच नाही तिथला वापर शून्य न धरता 'माहीत नाही' असा धरायचा. नवा तक्ता निघाला तेव्हा अचूकपणा बराच खाली आला होता. पद्मजाबाईंनी त्याच्यावर मात्र खुशीने सही केली.

भातकापणी सुरू झाली. साप निघायचे दिवस. डोंगरात औषध वेळेवर जाऊ लागलं आणि पेट्या परत येऊ लागल्या. महिपत आता प्रत्येक पेटी उन्हाआड नेऊन उघडायचा. कुणाच्या पेटीत आमसुलं असत, कुणाच्या काजूगर, एकात तर चार तांदळाचे पापड निघाले. तो ते हसत हसत सगळ्यांना वाटायचा आणि 'रिकामी' दाबायचा.

एके सकाळी पद्मजाबाई गोदामात आल्या होत्या. महिपतने त्यांना हाक मारली.

"बाई, तळवटकोंडची आली."

"औषध वापरलं वाटतं. कोण होतं?"

"रावजी म्हनला, एक पोरगा व्हता. वाचला."

त्यांना बरं वाटलं. कुतूहलही वाटलं. त्यांनी स्वतः पट्टी काढली, सही जपून, आणि झाकण उचललं.

पेटी धुतलेली होती, कोपरेसुद्धा कपड्याने पुसलेले. आत काही नव्हतं. एक तुकडा नाही, एक दाणा नाही. विमलाच्या घरातून एखादं भांडं असं बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ असावी.

पद्मजाबाईंनी पेटी दोन्ही हातांत धरून हलवली. काहीच हललं नाही. महिपतने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि जाऊन कळ दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली: तळवटकोंड, रिकामी.

संगणकाची नोंद ह्या वेळी अगदी बरोबर होती.